दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या भटकंतीचं एक पुस्तक माझ्याकडे मांडणीला आलं होतं. लेखक स्वतःच प्रकाशक. दोनदा प्रूफं झाली, फाइल छापखान्यात गेली, पहिल्या पन्नास प्रती बांधून आल्या. संध्याकाळी लेखकांचा फोन. "अहो, आम्ही गड चढलो होतो. तुम्ही आम्हाला बोटीत बसवलंत!" कोकणकड्यावरून दिसणाऱ्या खोल 'दर्या', 'दर्यांमधून' वर येणारं धुकं, 'दर्यांत' घुमणारे आवाज. पुस्तकभर समुद्रच समुद्र. एकही दरी शिल्लक नव्हती.

चूक माझीच होती. लेखकांनी मजकूर थोडा फोनवर, थोडा लॅपटॉपवर टाइप केलेला. त्यात बऱ्याच अदृश्य खुणा शिरल्या होत्या. शेवटच्या प्रुफानंतर, 'फाइल स्वच्छ करू' म्हणून मी त्या सगळ्या एका फटक्यात उडवल्या. त्यातलीच एक खूण र आणि य यांच्यामध्ये बसून 'ऱ्य' घडवत होती. ती गेल्याबरोबर अर्ध्या र ने उडी मारली आणि य च्या डोक्यावर रफार होऊन बसला. दऱ्यांचा दर्या झाला.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच: "मी माझं पुस्तक स्वतः काढतोय, मांडणीला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" विचारणाऱ्याने बहुतेक इंग्रजी व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यांत व्हेलम, ॲटिकस अशी नावं असतात, देखणे साचे असतात. ते सल्ले चुकीचे नाहीत. फक्त ते रोमन लिपीतल्या पुस्तकांसाठी आहेत. तिथे अक्षरं एकापुढे एक उभी राहतात आणि काम संपतं. आपली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर चढतात, पायाशी बसतात, मागून येऊन पुढे घुसतात. म्हणून मराठी पुस्तकासाठी पहिला प्रश्न 'साचे किती सुंदर?' हा नसतो. 'याला देवनागरी जोडता येते का, आणि आज आत घातलेला मजकूर पाच वर्षांनी धड बाहेर काढता येईल का?' हा असतो.

अक्षर जुळतं कसं

'कि' टाइप करताना आपण आधी क देतो, मग वेलांटी. संगणकातही याच क्रमाने साठवलं जातं: क, मग ि. पण कागदावर वेलांटी क च्या आधी उभी राहते. ही अदलाबदल कुणीतरी करावी लागते. 'मार्गी' घ्या. साठवताना क्रम म, काना, र, हलन्त, ग, दीर्घ वेलांटी असा. दिसताना तो र ग ला ओलांडून थेट वेलांटीच्या माथ्यावर रफार होऊन बसतो. हे काम दोघे मिळून करतात. जोडाक्षरांचे आकार आणि नियम फाँटमध्ये असतात. ते नियम वाचून अक्षरं जागेवर बसवणारं एक यंत्र सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. हार्फबझ हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरात असलेलं फुकट यंत्र. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-संचाने २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे तेच बसवलं.

दोघांपैकी एक जरी कच्चा असला, तरी 'शिक्षक'चा 'शि' फुटतो, 'ज्ञ' हलन्तासकट ज आणि ञ असा विस्कटून दिसतो. म्हणून विकत घ्या किंवा फुकट उतरवा, आधी त्यात ही एक ओळ टाका:

"आचार्यांचा आचाऱ्या ऑगस्टात ॲपवर वाङ्मय वाचत, कुऱ्हाड घेऊन, दऱ्याखोऱ्यांतून हृषीकेशच्या उद्घाटनाला निर्विघ्न पोहोचला."

वाक्याला अर्थ नाही, पण त्यात सगळे चोर आहेत. आचार्य आणि आचाऱ्या वेगळे दिसतात का? 'ॲ'च्या जागी चौकोन तर येत नाही? हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटांत ते नसतंच. 'ङ्म' नीट जुळतो का? 'निर्विघ्न'मध्ये वेलांटी व च्या आधी आणि रफार वर, दोन्ही जागेवर आहेत का? मग तीच ओळ पीडीएफ करून पाहा. पडद्यावर शहाणं वागणारं सॉफ्टवेअर पीडीएफ करताना वेडं होऊ शकतं.

आणखी एक बारकावा, जो हिंदीतल्या मार्गदर्शकांत सापडणार नाही. मराठीतला ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं. आपला ल पाकळ्यांचा, हिंदीतला दांडीचा. चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं असतात, आणि कोणतं दाखवायचं हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरतं. मजकुराची भाषा 'हिंदी' राहिली, तर अख्खं पुस्तक परक्या वळणात छापलं जातं. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

जुन्या फाँटांची अडगळ

आपल्याकडचे बरेच छापखाने आणि डीटीपीवाले अजून पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतात. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७, २००१ साली आली. त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून त्यावर श्रीलिपीसारख्या संचांतले जुन्या पद्धतीचे फाँट चालतात. या फाँटांची युक्ती साधी आहे: इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र ठेवायचं. कृतिदेव या फाँटमध्ये 'राम' लिहिलेला दिसतो, तेव्हा फाइलमध्ये खरंतर इंग्रजी जे, के, ई ही अक्षरं असतात. फाँट बदलला की राम गायब, उरतो 'जेकेई'. वेलांटीसुद्धा दिसते त्याच क्रमाने, म्हणजे आधी वेलांटी मग क, अशी साठवलेली.

छापील पुस्तकापुरतं याने काही बिघडत नाही. माझ्या कपाटातली निम्मी मराठी पुस्तकं अशीच छापलेली आहेत आणि सुंदर आहेत. अडचण नंतर येते. ई-बुक काढायचं ठरतं, किंवा पुस्तकातलं एक प्रकरण दिवाळी अंकाला मेलने पाठवायचं असतं, आणि हातात 'जेकेई' येतं. त्याला युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार, ऱ्य आणि दुर्मीळ जोडाक्षरं यांत ते हमखास घसरतात. रूपांतर झालं की पहिल्या ओळीपासून पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं. तेव्हा नव्या पुस्तकासाठी माझा हट्ट एकच: मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये. डीटीपीवाला म्हणाला, "तुमचं आणा, मी माझ्या फाँटात करून घेतो," तर हसून नाही म्हणा.

मग घ्यायचं काय

कथासंग्रह, कादंबरी, आठवणी, कवितासंग्रह असं मजकुराचंच पुस्तक असेल आणि खिशाला झेपायला हवं असेल, तर मी लिब्रेऑफिस रायटर सुचवतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, देवनागरी नीट जोडतं, पीडीएफ चांगली देतं. वर्ड घरात असेल तर वर्डही चालेल. 'वर्डमध्ये पुस्तक करू नये' हा व्यावसायिकांचा नाकमुरडेपणा मला अर्धाच पटतो. वर्डमधली गचाळ पुस्तकं वर्डमुळे गचाळ नसतात. ओळीला दोनदा एंटर, परिच्छेदाला पाच स्पेस, प्रकरण नव्या पानावर न्यायला एंटरचा पाऊस, या सवयींनी ती गचाळ होतात.

यावरचा उपाय म्हणजे स्टाइल. प्रकरणाचं नाव 'हेडिंग १' या स्टाइलने, मजकूर 'बॉडी टेक्स्ट'ने, कवितेच्या ओळी वेगळ्या स्टाइलने. मग फाँट, ओळअंतर, परिच्छेदाची सुरुवात किती आत, प्रकरण नव्या पानावर, हे सगळं एका जागी ठरवायचं. तीनशे पानांचं रूप एका क्लिकवर बदलतं, अनुक्रमणिका आपोआप बनते, ई-बुकमधली प्रकरणंही याच हेडिंगवरून उचलली जातात.

इथे मराठी माणूस हमखास एका खड्ड्यात पडतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. एक निवृत्त मास्तर आत्मचरित्राची फाइल घेऊन आले होते. म्हणाले, "चौदा केलं, सोळा केलं, अठरा केलं. स्टाइलमध्ये आकडा वाढतोय, अक्षर ढिम्म!" फाइल पाहिली तर मध्येच आलेले 'बीएड' आणि 'डीएड' रोमन लिपीत होते, आणि तेवढेच भलेमोठे झाले होते. कारण असं की, लिब्रेऑफिस आणि वर्ड दोन्ही देवनागरीला अरबीसारख्या लिप्यांच्या गटात, 'कॉम्प्लेक्स' लिपी म्हणून धरतात, आणि त्या गटाचा फाँट, आकार, भाषा वेगळी ठेवतात. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, 'लँग्वेजेस अँड लोकेल्स'मध्ये (जुन्या आवृत्त्यांत 'लँग्वेज सेटिंग्ज') 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करायचं आणि भाषा मराठी निवडायची. मग स्टाइलच्या फाँटच्या पानावर रोमनसाठी एक आणि कॉम्प्लेक्ससाठी एक असे दोन विभाग दिसतात. आपल्या कामाचा दुसरा. मास्तरांनी तो बदलला, आणि सगळी पानं एकदम टरारून मोठी झाली. "एवढंच होतं होय!" म्हणाले. एवढंच होतं, पण त्यापायी त्यांचे चार दिवस गेले होते.

छायाचित्रं भरपूर आहेत, पाककृतींचं पुस्तक आहे, मुलांचं चित्रमय पुस्तक आहे, दोन स्तंभ, चौकटी, चित्राभोवती वळणारा मजकूर आहे, तर रायटर आणि वर्ड दमतात. तिथे इनडिझाइन हे मांडणीचं व्यावसायिक सॉफ्टवेअरच. २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून ते मराठीसह दहा भारतीय भाषा जाणतं. अट एकच: परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडलेला हवा. साधा कंपोझर राहिला की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, आणि लोक फाँटला शिव्या देत बसतात. इनडिझाइन महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्याने मिळतं. आयुष्यात एकच पुस्तक काढणार असाल, तर ते शिकण्यापेक्षा शिकलेल्या माणसाला पैसे द्या. हे मी स्वतःचा धंदा म्हणून सांगत नाही. शिकायला लागणारे दोन महिने तुम्ही दुसऱ्या पुस्तकाच्या लेखनाला द्यावेत, म्हणून सांगतो.

फुकटात पान मांडायला स्क्रायबस आहे. १.६ ही आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला आली, आणि देवनागरीची जोडणी तिच्यात आहे. मुखपृष्ठ, पत्रक, चाळीस पानांची स्मरणिका यांना उत्तम. तळटीपांच्या जाडजूड ग्रंथाला मात्र मी ते लावणार नाही. असा ग्रंथ असेल, म्हणजे संशोधन, संतवाङ्मयाची चिकित्सक आवृत्ती, पानोपानी पाठभेद, तर लाटेक् पाहा, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या खुणांवरून पान मांडणारं साधन. त्याच्या झीलाटेक् किंवा लुआलाटेक् या रूपांत युनिकोड मराठी चालतं. पहिले पंधरा दिवस डोकं धरून बसाल. पण सहाशे तळटीपांचे क्रमांक एकदाही चुकत नाहीत, हे सुख ज्याने तळटीपा हाताने मोजल्यात त्यालाच कळेल.

आणि व्हेलम, ॲटिकस? व्हेलम फक्त मॅकवर चालतं, आणि विकत घेण्याआधी फुकट वापरून पाहता येतं. वरची आचाऱ्याची ओळ टाकून पाहा. तुमचं पुस्तक इंग्रजीत असेल, अमेरिकेतला मुलगा किंवा मुलगी तिथल्या वाचकांसाठी काढत असेल, तर ती साधनं खरोखर छान आहेत. मराठीसाठी मी त्यांत पैसे घालणार नाही. गुगल डॉक्स लिहायला झकास, देवनागरी नीट दाखवतं, ई-बुकची ईपब फाइलही उतरवून देतं. पण डाव्या-उजव्या पानांचे समास आरशासारखे उलटसुलट ठेवण्याची सोय त्यात नाही. छापील पुस्तकात बांधणीकडचा समास जास्त लागतो. तो नसेल, तर ओळीचा शेवट वाचायला पुस्तक फाकवावं लागतं.

पान, फाँट आणि फॉर्मा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक फोन छापखान्याला करा. आकार कोणता, डेमी की क्राउन? आपल्याकडे कथा-कादंबऱ्या बहुधा डेमीत, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांत निघतात. नेमकं कापून किती उरतं ते छापखान्यालाच विचारा, आणि तेवढाच आकार फाइलला द्या. ए-४ वर मांडून 'नंतर छोटं करू' म्हणणाऱ्यांची अनुक्रमणिका, समास, सगळंच दुसऱ्यांदा होतं.

पुस्तक फॉर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घालायच्या पानांच्या गटांत छापलं जातं, बहुधा सोळा पानांच्या. साठ हजार शब्दांची कादंबरी, डेमीच्या पानावर सरासरी दोनशे साठ शब्द धरले, तर मजकुराची २३१ पानं. शीर्षकपान, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, मनोगत धरून २४०. बरोबर पंधरा फॉर्मे. आता तुम्ही हौसेने अक्षर अर्ध्या पॉइंटने वाढवलं आणि पानं २४४ झाली, की चार पानांसाठी सोळावा फॉर्मा निदान अर्धवट तरी चढतो, कागद आणि छपाईचा खर्च वाढतो. ओळअंतर केसभर कमी करून २४० मध्ये बसवणं, ही मांडणीकाराची खरी कारागिरी. स्टाइल नीट लावलेल्या असतील तर ती दोन मिनिटांत जमते, आणि नसतील तर आठवडाभर जमत नाही.

देवनागरीला वर मात्रा-रफार, खाली उकार. त्यामुळे ओळअंतर इंग्रजीपेक्षा सैल लागतं. मी तेरा-साडेतेरा पॉइंटच्या अक्षराला अठरा-एकोणीस पॉइंटांचं अंतर देऊन सुरुवात करतो. मग एक पान प्रत्यक्ष आकारात छापून घरातल्या सगळ्यात वयस्कर वाचकाच्या हातात देतो. पडद्यावर ठरवलेला आकार कागदावर नेहमी वेगळा वाटतो.

फाँटबद्दल थोडंच. विंडोजमधला मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला फाँट पडद्यासाठी उपयोगी, पुस्तकाच्या पानाला रुक्ष. खुल्या परवान्याचे फाँट घ्या. ते छापील पुस्तकात, ई-बुकात, कुठेही बिनदिक्कत वापरता येतात. आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका संस्कृत अवतरणांच्या पुस्तकाला फार चांगला. टिरो देवनागरी मराठी लांब वाचनाला सुखद, आणि त्यात मराठी वळणाचे ल-श आपसूक मिळतात. पण त्याला ठळक रूप नाही. बटण दाबून ठळक केलंत, तर सॉफ्टवेअर अक्षर नुसतं फुगवतं. मथळ्यांसाठी मुक्तसारखा दुसरा, बऱ्याच जाडींचा फाँट जोडीला घ्या. तिरप्या अक्षरांच्या फंदात तर शक्यतो पडूच नका. बहुतेक देवनागरी फाँटांना खरं तिरपं रूप नसतं, आणि सॉफ्टवेअरने ढकलून तिरपी केलेली शिरोरेषा वाऱ्याने कललेल्या पत्र्यासारखी दिसते.

ई-बुकचा वेगळा न्याय

छापील पुस्तकासाठी पीडीएफ, ई-बुकसाठी ईपब. हे दोन वेगळे प्राणी आहेत. पीडीएफमध्ये पान गोठलेलं असतं. ईपबमध्ये पानच नसतं, वाचक अक्षर मोठं करतो तसा मजकूर वाहतो. म्हणून छपाईची पीडीएफ कन्व्हर्टरमध्ये घालून ई-बुक करायला जाऊ नका. देवनागरी पीडीएफमधून मजकूर परत काढताना वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. मूळ फाइलमधूनच ईपब काढा. लिब्रेऑफिस २०१८ च्या ६.० आवृत्तीपासून ते थेट देतं. नंतर सिजिल या फुकट साधनात उघडून प्रकरणं, मुखपृष्ठ आणि भाषा 'मराठी' आहे ना, एवढं पाहून घ्यायचं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून आहेत, आणि किंडलला ईपब किंवा वर्डची फाइल दोन्ही चालतात. तिथे फाँटाची चिंता करू नका, वाचकाचं यंत्र बहुधा स्वतःचाच फाँट वापरतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, मात्र छापील आवृत्तीला वेगळा, ई-बुकला वेगळा. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

आणि शेवटी काम दुसऱ्याकडेच दिलंत, तरी पैसे चुकते करताना पीडीएफवर समाधान मानू नका. मूळ फाइल, ज्याला धंद्यात 'ओपन फाइल' म्हणतात ती, आणि वापरलेल्या फाँटांची नावं मागून घ्या. देणार की नाही, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा. नंतर मागितली की मनं दुखावतात.

मी स्वतः आता फाइल छापखान्यात धाडण्याआधी मूळ मजकुरात 'दर्या' हा शब्द शोधतो. परवाच्या पुस्तकात त्रेसष्ट ठिकाणी सापडला. पोटात गोळाच आला. मग आठवलं, पुस्तक कोळीवाड्यावरचं होतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट ठिकाणी खरा समुद्रच.